मामाला विचारा

कुमासी,
११ ऑगस्ट १९९७

दादा,

पाकीट उघडलंस म्हणजे अर्धं काम झालं. आता शेवटपर्यंत वाच. मी भांडण मिटवायला लिहीत नाहीये, तेव्हा घाबरू नकोस. भांडण आहे तिथे सुखात राहू दे. इतकी वर्षं सांभाळलंय आपण, आता मोडायची घाई कशाला?

तुझी भाची अम्पोमा परीक्षा पास झाली. नुसती पास नाही, आमच्या भागात तिच्याएवढे मार्क कुणालाच नाहीत. तू तिला पाहिलेलं नाहीस म्हणून सांगते, नाव आईचं ठेवलंय आणि कपाळही आईचंच घेऊन आलीय. हट्टीपणा तुझा. तो कुठून शिरला देव जाणे.

तर तिला दोन शाळांनी घेतलंय. एक मॅडम ओबेंग यांची खाजगी शाळा. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. स्वच्छ, टुमदार, वर्गात मोजकी मुलं, मॅडमना प्रत्येकीचं नाव पाठ. कॉम्प्युटर आहेत. दुपारी जेवायला घरी येता येतं. मुलींना वेण्या घालू देतात. मॅडम माझ्या गिऱ्हाईक आहेत. केस वाळवायच्या टोपीखाली बसल्या बसल्याच त्यांनी मला सांगितलं, ‘अफ्रिये, तुझ्या मुलीकडून मी फी घेणार नाही. अशी एक मुलगी वर्गात असली की बाकीच्या आपोआप सरळ होतात.’ टोपीच्या आवाजात त्या ओरडून बोलत होत्या, त्यामुळे सगळ्या बाजाराने ऐकलं.

दुसरी केप कोस्टची सरकारी शाळा. समुद्राकाठी आहे.

दोन्ही बाजू मी सारख्याच मांडल्या आहेत. तू ठरव.

तू का, असं विचारशील. अम्पोमाचे बाबा म्हणतात केप कोस्ट. एसिल्फी पडले फान्टी जमातीचे, गाव तिकडचं, त्यांना तिकडचा दगडही हुशार वाटतो. मी म्हणते मॅडमची शाळा. आठवडाभर जेवताना हाच विषय. परवा पोरीने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाली, ‘आपल्यात पोर कुणाच्या रक्ताचं? आईच्या. आईच्या घरचा मोठा कोण? मामा. मग मामाला विचारा.’

हे म्हणाले, ‘अगं, त्याने तुला पाहिलेलंसुद्धा नाही.’

‘मग बरंच आहे की. तो कुणाची बाजू घेणार नाही.’

हे रेडिओ दुरुस्त करणारे, उठले आणि गिऱ्हाईकाचा एक रेडिओ उघडून बसले. रीत तिच्या बाजूने आहे, आणि ती मीच तिला शिकवलेली आहे.

त्या बाटलीचं म्हणशील, तर अजूनही सांगते. लग्नाची दारू घेऊन ह्यांची माणसं आली, तुझी गाडी वाटेत किन्ताम्पोला बिघडली, थोरली मंडळी थांबली नाहीत आणि तुझ्या मानाची बाटली तुझ्याविना उघडली. नवरी मुलगी आतल्या खोलीत असते, दादा. मी काय धावत येऊन बूच परत बसवणार होते? तू दुसऱ्या दिवशी आलास, रिकामी बाटली पाहिलीस, पाणीसुद्धा न पिता तमालेला परत गेलास. चूक माझी नव्हती आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पण ते राहू दे. उत्तर एका शब्दात चालेल. नुसतं ‘मॅडम’ लिहिलंस तरी मला कळेल.

अफ्रिये

*

कुमासी,
२ सप्टेंबर

दादा,

पत्र हरवलं असं म्हणू नकोस. तमालेच्या गाडीचा ड्रायव्हर इद्रिसू बायकोला घेऊन माझ्याकडे तिचे केस गुंफून घ्यायला आला होता. म्हणाला, पत्र मी त्यांच्या हातात दिलं, कापसाच्या जिनिंगच्या फाटकात. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, खिशात घातलं. आणि मला विचारलं, ‘पोर उंच आहे का?’

हे मला इद्रिसूने सांगितलं नसतं तर मी दुसरं पत्र लिहिलं नसतं.

हो, उंच आहे. दाराच्या चौकटीला हात लावते आणि मग मी ओरडते.

दादा, मॅडमना उत्तर हवंय, केप कोस्टवाल्यांनाही हवंय, आणि ही पोर कुणालाच उत्तर देऊ देत नाही. ‘मामांचं पत्र आलं?’ रोज एवढंच. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरताना आता सायकलवरूनच मान हलवतो, नाही म्हणून.

मागच्या पत्रात एक राहून गेलं. केप कोस्टच्या शाळेबद्दल मी एकच ओळ लिहिली होती, समुद्राकाठी आहे म्हणून. ते खरंच आहे, पण तिथे प्रवेश मिळावा म्हणून मोठमोठ्या साहेबांच्या मुली रांगेत असतात. आमच्या शेजारच्या मिसेस बोआतेंगने मुलीसाठी तीन चर्चमध्ये प्रार्थना केली, तरी तिला मिळाला नाही. ती आता माझ्याकडे केस करायला येत नाही. अम्पोमाने त्या शाळेचं चित्र वर्तमानपत्रातून कापून पलंगाच्या वर चिकटवलंय. मी हे मागच्या वेळी लिहिणार होते, पण कागद संपत आला होता.

आणि वेण्यांचं. सरकारी शाळेत मुलींचे केस अगदी बारीक कापतात, तुला माहीत आहे. ही पहिल्यापासून खाजगी बालवाडी, खाजगी प्राथमिक, हिचे केस मी कधीच कापले नाहीत. दर शनिवारी ती माझ्या गुडघ्यांच्या मधे बसते आणि मी वेण्या घालते. आठवडाभरात शाळेत काय झालं ते मला त्या तासाभरातच कळतं. समोरासमोर बसवून विचारलं तर ती ‘काही नाही’ म्हणते. डोकं माझ्या हातात असलं की बोलते.

तेव्हा मी मॅडम म्हणते ते कॉम्प्युटरसाठी नाही. कळलं असेलच तुला.

हे ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्याशी मी अजून कॉम्प्युटरवरच भांडते.

अफ्रिये

*

कुमासी,
२९ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा आम्हीच मार्ग काढला. खरं म्हणजे पोरीने काढला. म्हणाली, ‘मामा बोलेपर्यंत मी केप कोस्टला जाते. ते घरी ये म्हणाले तर येईन.’ हे खूश, कारण ती जाणार. मी गप्प, कारण ती येऊ शकते. असा निवाडा कोर्टातसुद्धा होत नसेल.

तिला पोचवून परवा आलो. दुकान तीन-चार दिवस बंद होतं, ते आज उघडलं.

निघायच्या आदल्या दिवशी केस कापले. दुसऱ्या कुणाकडे पाठवणं मला सहन झालं नसतं, म्हणून मीच मशीन घेतलं. दुकानात गिऱ्हाईकं होती. पोर आरशासमोर ताठ बसली, म्हणाली, ‘चालू कर.’ पहिला झुबका मांडीवर पडला तोपर्यंत ठीक होतं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही, नुसतं पाणी. माझा हात थांबला. बायका आरशातून माझ्याकडे बघताहेत.

मला काय सुचलं कोण जाणे. मशीन उलटं धरलं आणि माझ्याच कपाळापासून मागे मानेपर्यंत एक पट्टा काढला.

ती बघतच राहिली. मग अशी हसायला लागली की उचकी लागली. मग मला थांबता येईना. शहरातली सगळ्यात चांगले केस असलेली केशभूषावाली म्हणून मला बायका ओळखत होत्या, आता मी आणि पोर दोघी एकसारख्या. हे आत आले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘आता पाठमोरं असताना कुणाला रागवायचं ते कसं कळणार मला?’

तिची लोखंडी पेटी, खाऊची लाकडी पेटी, कसाव्याची गरी, तिखट शितोचा डबा, बादली, गादी, सगळं लावून दिलं. फाटकाशी तिने मला मिठी मारली नाही, कारण बाकीच्या मुली बघत होत्या. मी समजून घेतलं. परतीच्या गाडीत समजून घेणं बंद केलं आणि मांकेसिमपर्यंत रडले.

घर कसं आहे विचारू नकोस. जेवणाचं फुफू कुटताना मुसळ हे मारायचे आणि उखळातला गोळा अम्पोमा उलटायची. आता मी उलटते आणि हे माझ्या बोटांवर टपलेले असतात. काल म्हणाले, ‘तुझं लक्ष नाही, बोटं जातील.’ मी म्हटलं, ‘तुमचंही नाही.’ मग आम्ही मक्याचं तयार केंके विकत आणलं.

रस्त्यात मॅडम ओबेंग दिसल्या की मी दुसऱ्या गल्लीने जाते. त्यांना मी अजून नाही म्हटलेलं नाही.

बाजारात कांदेवाली अझारा भेटली, तमालेला माल आणायला निघाली होती. माझ्या डोक्याकडे पाहून तोंडावर हात ठेवला. मी काही बोलायच्या आत तिच्या गाडीने भोंगा दिला आणि ती पळाली. तिच्याबरोबर हे पत्र द्यायचं होतं, ते राहिलं. आता पोस्टाने टाकते.

अफ्रिये

*

कुमासी,
२१ ऑक्टोबर

दादा,

पोस्टखात्याचं भलं होवो. माझं तिसरं पत्र तुला तमालेला परत गेल्यावर मिळालं असेल. ते आधी पोचलं असतं तर तू आला नसतास. तेव्हा पुन्हा सांगते, भलं होवो.

तुझ्या बाजूने काय झालं ते तू सगळ्यांसमोर सांगितलंस. आता माझ्या बाजूने ऐक.

शनिवारची सकाळ. मिसेस बोआतेंग बऱ्याच दिवसांनी आली होती, तिच्या अर्ध्या डोक्यावर वेण्या झाल्या होत्या. दारात मिनिबस थांबली. तीतून सुतकाच्या काळ्या-तांबड्या कापडातली माणसं उतरायला लागली. शेवटी तू उतरलास, कपाळाला लाल पट्टी. मला वाटलं, आपल्या घरातलं कुणीतरी गेलं आणि तू स्वतः सांगायला आलास. एवढी वर्षं न आलेला माणूस आला म्हणजे मयत मोठंच असणार. थोरली मावशी? आपली म्हातारी आजी?

आणि आपली रीत तुला माहीत आहे. विचारायची सोय नाही. आधी उजवीकडून सगळ्यांशी हात मिळवायचे. तू मिसेस बोआतेंगशीही हात मिळवलास, ती अर्ध्या वेण्यांत उठून उभी राहिली. मग बाकं आणा, बसवा. मग पाणी. मी पेला पुढे केला आणि तुझ्या हाताकडेच बघत राहिले, कारण मागच्या वेळी तू तो घेतला नव्हतास. या वेळी घेतलास. प्यायलास. तेवढ्या गोंधळातही मी ते पाहून ठेवलं.

मग हे बाहेर आले आणि यजमानाने म्हणायचं ते म्हणाले, ‘इकडे सगळं ठीक आहे, वाईट काही नाही. वाटेवर तुम्ही आहात, तुमचं येणं सांगा.’

तुझ्याबरोबरच्या म्हाताऱ्यांनी घसा साफ केला, पण तू त्यांना बोलू दिलं नाहीस.

‘ठीक आहे?’ तू ओरडलास. ‘घरातली पोर गेली आणि सगळं ठीक आहे?’

‘कुठली पोर?’ हे म्हणाले.

‘माझी भाची!’

‘ती केप कोस्टला आहे.’

‘केप कोस्टला पुरलंत तिला? मामाला न सांगता? बाटली माझ्याविना उघडलीत, आता पोरीची मातीही माझ्याविना?’

दादा, त्या क्षणी मिसेस बोआतेंग खुर्चीत बसल्या बसल्या घसरली. अझाराने तिकडे काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं. अफ्रियेचं दुकान बंद होतं, डोकं भादरलंय, पोर घरात दिसत नाही. आपल्यात बाई डोकं भादरते ती जवळचं कुणी गेल्यावर; तिने एकही खोटा शब्द सांगितला नव्हता.

मला हसू यायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं हसायला. तेवढ्यात हे आत जाऊन गरीची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, ‘उद्या भेटीचा रविवार आहे. हे सगळं तिच्यासाठीच बांधतोय. ती जिवंत आहे आणि तिला जास्त साखर हवी आहे.’

आणि तू खाली बसलास. बाकावर नाही, जमिनीवर. आई गेली तेव्हाही मी तुला रडताना पाहिलं नव्हतं. तू कापडात तोंड घालून एकच म्हणत होतास, ‘तिने मला विचारलं होतं. तिने मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही.’ तुझी माणसं दुसरीकडे बघत राहिली. मीही रडले. मला तुझा राग आठवेना. शोधून पाहिला, सापडला नाही. आता लिहिताना थोडा सापडतोय, पण उपयोगाचा नाही.

दुसऱ्या दिवशी सुतकी कापड घालून शाळेत जाता येईना म्हणून तू ह्यांचा शर्ट घातलास. बाह्या कोपरापाशी. तो तू धुऊन पाठव, ते विचारताहेत.

आता मुद्द्याचं. केप कोस्टला गाडीतून उतरताना मी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी मॅडमना सत्र संपेपर्यंत जागा धरून ठेवायला सांगितलंय, ह्यांना ठाऊक नाही, पोरीला सांग मामा म्हणतो घरी ये. तू मान हलवलीस. मी डोळ्यांनी पाहिली हलवताना.

पोर आली. तुझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्ही मामा. कपाळावरून कळलं.’ मग तुम्ही दोघं समुद्राकडच्या भिंतीपाशी जाऊन बसलात. इतका वेळ! मी इकडे झाडाखाली डबे उघडून बसले होते, जेवण थंड होत होतं. परत आलात तेव्हा दोघांचेही चेहरे असे की काही कळू नये. बशी मी एकच आणली होती, आदल्या दिवशीच्या गोंधळात बाकीच्या घ्यायच्या राहिल्या. तेव्हा एकाच बशीत तू, मी, हे आणि ती. मासा तिने तुझ्या बाजूला सरकवला. मी पाहिलं.

संध्याकाळी तू तिथूनच तमालेची गाडी धरलीस. आमच्याकडे जेवायला परत आला नाहीस.

पोर अजून तिथेच आहे. पत्र आलं, खुशीत दिसते. कोरसमध्ये घेतलंय, एका मुलीशी भांडण झालं, मग तीच मैत्रीण झाली. घरी यायचं नावही नाही.

काय सांगितलंस तू तिला?

अफ्रिये

*

कुमासी,
१९ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. ‘नोव्हेंबरातला भेटीचा रविवार कुठला?’ एवढी एक ओळ. तरी मी ती ह्यांना दोनदा वाचून दाखवली. आणि आलास तू नोव्हेंबरात, आमच्याआधी पोचलास, आम्ही गेलो तेव्हा मामा-भाची केळ्याच्या फोडी खात बसले होते आणि मला कुणी उठून जागा दिली नाही. भेट झाली की पुन्हा तमाले. कुमासी वाटेत लागते, तरी तू उतरत नाहीस. ‘मी पोरीला भेटायला येतो,’ म्हणतोस. बरं.

अम्पोमा सुट्टीला आली आहे. केस आता बोटाच्या चिमटीत येतील एवढे झालेत. माझेही. वेणी घालता येत नाही, पण शनिवारी ती सवयीने माझ्या गुडघ्यांच्या मधे येऊन बसली आणि मी नुसतं तेल लावलं. आणि ती बोलली.

मी विचारलं, ‘मामा तुला त्या दिवशी काय म्हणाले?’

‘मामा म्हणाले, तुझ्या आईने सांगायला सांगितलंय की घरी ये. सांगितलं. आता माझं विचारशील तर मला शाळेतलं काही कळत नाही. मी रुई पिंजणारा माणूस. मला एवढंच कळतं की तू जिवंत आहेस.’

धन्य आहे तुझी, दादा! मी गुपित सांगितलं ते जसंच्या तसं तिच्या हवाली केलंस. बरं, ते सोड.

मी म्हटलं, ‘मग तू आली का नाहीस? तुला पहिल्या महिन्यात घरची आठवण येत नव्हती?’

‘खूप येत होती. रोज रडायचे, उशीत. त्या दिवशी मी तुझ्याबरोबर यायचं ठरवलंच होतं, आई. पेटी आवरायला जाणार होते.’

‘मग?’

‘मग तुम्ही जेवायला बसलात. तू आणि मामा, एका बशीत. तू म्हणालीस, त्याला काटे काढून दे, त्याला लहानपणापासून काढता येत नाहीत. आणि मामा म्हणाले, येतात. आणि तुम्ही भांडायला लागलात, हसत हसत. मी म्हटलं, मी घरी आले तर हे दोघं भेटणार कुठे? मामा तुझ्या घरी जेवत नाहीत. तू तमालेला जात नाहीस. भेटीचा रविवार फक्त बोर्डिंगच्या मुलींना असतो.’

माझा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. तेल कपाळावरून ओघळलं तेव्हा ती ओरडली.

दादा, विचार कर. एवढीशी पोर आपल्या दोघांचं भांडण पदरात घेऊन समुद्राकाठी बसली आहे. आता कदाचित तिला तिथे आवडतही असेल, कदाचित नसेल. मला कळत नाही, कारण तिलाच कळत नाही. शाळा निवडायची म्हणजे शाळा बघून निवडायची. इथे ती मामा आणि आईला बघून निवडते आहे.

म्हणून लिहिते. नाताळला घरी ये. रविवारी नाही, भेटीला नाही, मयताला तर मुळीच नाही. घरी जेवायला ये. माझ्यासाठी नको येऊस. ह्यांच्यासाठी नको, त्यांचा शर्ट तू अजून दिलेला नाहीस. तिला कळू दे की आपण तिच्याविनाही भेटू. मग ती जिथे म्हणेल तिथे जाईल, आणि मी तोंड उघडणार नाही. हे मी लेखी देते आहे, तेव्हा जपून ठेव.

मी अजूनही मॅडमच्याच बाजूने आहे, हेही लेखी असू दे.

अफ्रिये

*

कुमासी,
१२ जानेवारी १९९८

दादा,

तू गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. पाहुणा एक गेला पण आवाज चौघांचा गेला. शेजारी विचारतात, ते मुसळाबरोबर गाणं म्हणणारे कोण होते? मी म्हणते माझा भाऊ. हे म्हणताना मला जरा ताठ उभं राहावंसं वाटतं.

तू नाताळभर इथे जेवलास, भांडलास, ह्यांच्याशी फुटबॉलवरून तीन दिवस बोलला नाहीस आणि चौथ्या दिवशी त्यांचा रेडिओ मांडीवर घेऊन बसलास. पोर हे सगळं कोपऱ्यातून बघत होती. तू तिला जाताना विचारलंस, ‘मग, कुठली शाळा?’ आणि ती म्हणाली, ‘तुम्ही गेल्यावर सांगेन. नाहीतर म्हणाल मामासाठी म्हटलं.’ तुझी गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून मला खूण करून विचारत होतास. म्हणून हे पत्र.

ती त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी माझा शब्द पाळला, तोंड उघडलं नाही. मला किती जड गेलं असेल याची कल्पना कर. ह्यांनी मला विचारलं, ‘बरं नाहीये का तुला?’

तिसऱ्या दिवशी दुकानात आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘आई, मशीन काढ.’

मी मशीन हातात घेतलं. मग राहवलं नाही, विचारलंच. ‘का गं?’

मला वाटलं होतं, एखादं कारण देईल. शिक्षक चांगले आहेत म्हणेल, मोठं नाव आहे म्हणेल. त्या प्रत्येकावर माझ्याकडे उत्तर तयार होतं, दादा, सहा महिने मी दुसरं काय केलंय? पण ती आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मला तिथे आवडतं.’

एवढंच. आवडतं. त्याच्यावर काय बोलणार? त्यात मी नव्हते, तू नव्हतास, हे नव्हते. आमच्यापैकी कुणाशीच त्याचा काही संबंध नव्हता. दुखलं का? दुखलं. पण कापताना माझा हात या वेळी थांबला नाही, आणि ती रडली नाही. मधेच तिने मान वळवून मला दटावलं, ‘तू नको हं कापूस आता. परत चार माणसं येतील सुतकी कापड घालून.’ गिऱ्हाईकं हसली. मी सगळ्यांत जास्त.

मॅडम ओबेंगकडे काल सरळ रस्त्याने गेले आणि जागा सोडली. त्या म्हणाल्या, ‘वाईट वाटतंय का अफ्रिये?’ मी म्हटलं, ‘सकाळी वाटत होतं.’ त्यांनी मला थंड पाणी दिलं आणि दोघी त्यांच्या ऑफिसात बराच वेळ पोरींच्याच गोष्टी बोलत बसलो.

परवा तिला पोचवून आलो. फाटकाशी मैत्रिणी उभ्या होत्या, सगळ्या बघत होत्या, आणि तिने मला मिठी मारली. मग पेटीचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं मैत्रिणीने धरलं, आणि मागे न बघता आत गेली. मी ह्यांना म्हटलं, बघा, कशी चालते. हे म्हणाले, तुझ्यासारखी. मी म्हटलं, हो.

पुढचा भेटीचा रविवार आठ फेब्रुवारी. आदल्या दिवशी आमच्याकडे उतर, तिघं मिळून जाऊ. आणि दादा, या वेळी मी चार बश्या घेणार आहे, पण तू आपला माझ्याच बशीत बस. काटे मी काढून देईन.

अफ्रिये